वडिलांचं धरण

साइटवर पोचलो की ते आधी गाडी बंद करायला लावत. काचा खाली. "दोन मिनिटं. ऐकू या." मग त्या वादीत, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या नदीपात्रात, आम्ही नुसता वारा ऐकत बसायचो.

हे आमचे अमेरिकन साहेब, साठीचे. शारजातल्या आमच्या ऑफिसात पाणी अडवून जमिनीत मुरवणाऱ्या छोट्या धरणांचं काम ते बघत. मी त्यांच्या हाताखाली ड्रॉइंग्ज करायचो. त्यांच्या आजोबांनी जंगलातली अजस्र झाडं तोडली, वडिलांनी नदीवर मोठं धरण बांधलं. "आमच्या घरात निसर्ग म्हणजे काम," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एकदा खोर फक्कानमागच्या डोंगरात जोराचा पाऊस झाला. साहेबांनी मला घाईघाईने उंचावर नेलं. आधी नुसती घरघर ऐकू आली. मग तपकिरी पाण्याची भिंतच दगडगोटे लोळवत वळणावरून आली, आणि सकाळी आम्ही मोजमापं घेतली होती ती जागा दिसेनाशी झाली. साहेबांनी हेल्मेट काढून छातीशी धरलं होतं.

"आयुष्यभर मी याला काम म्हणत आलो," ते म्हणाले.

त्याच वर्षी त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या वडिलांचं धरण पाडायचं तिकडे अमेरिकेत ठरलं होतं. त्या धरणामुळे समुद्रातून अंडी घालायला येणारे मासे वर जाऊ शकत नव्हते. पाडण्याच्या कामासाठी साहेबांनी आपणहून नाव दिलं.

निरोपाचं जेवण अल मजाजला आमच्या घरी झालं. माझ्या मुलीने तिच्या इंग्रजीत विचारलं, "अंकल, वोन्ट युवर डॅड बी सॅड?"

साहेबांनी पोळीचा घास ताटात परत ठेवला. वडील नव्वदीचे आहेत, महिन्याभरापासून माझा फोन घेत नाहीत, असं म्हणाले. मग हळूच, "त्यांनी धरण चांगलंच बांधलं होतं. आम्हाला नदी कळायला उशीर झाला."

गेल्या वर्षी त्यांचा व्हिडिओ आला. धरणाच्या जागी मोकळी नदी फेसाळत धावत होती. पाण्यात लाल पाठीचे मासे, इतके दाट की तळ दिसत नव्हता. काठावर व्हीलचेअरमध्ये वडील. कुणाला न सांगता शेजाऱ्याच्या गाडीतून आले, असं साहेबांनी खाली लिहिलं होतं.

म्हातारा बोट पुढे करून मासे मोजत होता. चुकत होता, आणि पुन्हा एकपासून सुरू करत होता.