घसरलेल्यांची डॉक्टर

ताई मनोविकारतज्ज्ञ झाली आणि तिने व्यसनमुक्ती विभाग मागून घेतला, तेव्हा बाबांनी कपाळाला हात लावला. "एवढं शिकून दारुड्यांची उठाबस करणार?"

"शहाण्यांना कुठे डॉक्टर लागतो, बाबा?"

विभाग म्हणजे रुग्णालयाच्या धोबीखान्यामागच्या दोन खोल्या. वाफेने भिंतींचे पोपडे सुटलेले. भिंतीवर कडक नियमाची पाटी होती: उपचार चालू असताना प्यायला, की नाव कापायचं. असाच एक शिंपी बाहेर काढला गेला. ताई तडक विभागप्रमुखांकडे गेली.

"सर, ताप उलटला तर आपण पेशंटला हाकलतो का?"

"ताप कोणी विकत आणत नाही," सर म्हणाले. "तुझं म्हणणं खरं असेल तर सिद्ध कर."

ती हट्टाला पेटली. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट केले. एकाला जुना नियम; दुसऱ्या गटातला कोणी प्यायला, तर न रागावता परत घ्यायचं. जे फिरकलेच नाहीत त्यांना शोधत ती स्वतः घरोघरी गेली, कारण गैरहजर माणूस बरा झाला की बुडाला, हे कळल्याशिवाय संशोधनाला अर्थ नव्हता. कोणी शिव्या घातल्या, कोणी कुत्रं सोडलं. नव्याने नाव घालून दुसऱ्या गटात आलेला तो शिंपी पुन्हा प्यायला आणि लाजून कडी लावून बसला. ताई पायरीवर बसून बंद दाराशी कॉलरच्या शिलाईवर बोलत राहिली. शेवटी आतून आवाज आला, "डॉक्टरीणबाई, तुम्हाला शिवणातलं ओ की ठो कळत नाही." आणि दार उघडलं.

अशी कित्येक वर्षं गेली. आकडे आले: परत घेतलेल्यांमध्ये दारू सुटलेले जवळजवळ दुप्पट होते. शिंपीही त्यांतलाच. भर सभेत सरांनी तिला प्रश्नांनी भंडावून सोडलं. ती एकाही प्रश्नाला अडली नाही. सभा संपल्यावर सर उठून विभागात गेले आणि नियमाची पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने भिंतीवरून उतरवली. "पोरी, मला हरवलंस," म्हणाले, आणि चेहरा मात्र जिंकल्यासारखा!

आता दुसऱ्या शहरांतले डॉक्टर तिच्याकडे शिकायला येतात. आणि आमचे बाबा? केस कापायला बसले की न्हाव्याने न विचारताच सांगतात, "माझी मुलगी दारूची डॉक्टर आहे."

परवा न्हाव्याने डोळे मिचकावले. "मग विचारून सांगा की, कुठली चांगली?"

बाबा आरशात बघून ऐटीत म्हणाले, "सोडलेली!"