डावीकडे ओढणारी होडी

डावऱ्याच्या सलूनमध्ये तो गेमचा डबा आला मेव्हण्याच्या कृपेनं. मेव्हण्याचं जुन्या टीव्ही-फ्रिजचं दुकान. बनवणाऱ्या कंपनीनंच वाऱ्यावर सोडलेला तो कन्सोल त्याच्याकडे धूळ खात पडला होता. "दाजी, गिऱ्हाईक ताटकळतं, खेळेल बिचारं," असं म्हणत त्यानं तो डावऱ्याच्या गळ्यात मारला. गिऱ्हाइकं कसली खेळतात! ती आपापल्या मोबाइलमध्ये मान खुपसून बसायची. खेळायला लागला तो डावऱ्याच.

डावऱ्या म्हणजे दुकानाचा मालक, कारागीर आणि झाडूवाला, सगळा एकच माणूस. वस्तरा डाव्या हातानं चालवायचा म्हणून हे नाव पडलं आणि असं चिकटलं की खरं नाव सांगताना बायकोसुद्धा अडखळायची. त्या हातावर त्याचं पोट होतं आणि मिजासही. "फुग्याला फेस लावा, दाढी करून दाखवतो," म्हणायचा. एकदा दाखवलीही होती.

गेमही डब्याला शोभेल असाच. सवलतीच्या टोपलीत अगदी तळाला पडलेला, वेष्टनाचा रंग उडालेला. त्यात मारामारी नाही की गाड्यांची शर्यत नाही. एक म्हातारा होडीवाला धुक्यातून, लव्हाळ्यातून वाट काढत या काठाची पोती त्या काठाला पोचवतो, एवढंच. "झोप येईल, दाजी," मेव्हण्यानं बजावलं होतं. पण डावऱ्याला गोडी लागली. दुपारी दुकान रिकामं झालं की तो गिऱ्हाइकाचीच खुर्ची मागच्या टीव्हीकडे फिरवून, पाय पसरून होडी हाकायचा. सकाळपासून लोकांची डोकी हातात, त्यांची गाऱ्हाणी कानात. इथं नुसतं पाणी चुबूकचुबूक वाजायचं. आपण कुणाचे कोण, हेही विसरायला व्हायचं.

मग होडी डावीकडे ओढायला लागली. कितीही सरळ धरा, शेवटी लव्हाळ्यात घुसायची आणि पोती पाण्यात. डावऱ्यानं कंट्रोलरच्या डाव्या अंगठ्याखालच्या दांडीला शिव्या घातल्या, फुंकर मारून पाहिली, शेवटी मेव्हण्याकडे नेला. त्यानं उघडून, पुसून परत दिला.

"ठणठणीत आहे, दाजी."

"डोळे फुटले का तुझे? दांडी आपोआप डावीकडे पळतेय!"

"बरं, हा दुसरा घ्या. डोकं खाऊ नका."

दुसराही डावीकडेच ओढायचा. "सगळा मालच भंगार," डावऱ्यानं जाहीर केलं. तसं म्हटलं की त्याला जरा हायसं वाटायचं. कारण त्याच आठवड्यात ड्रायव्हरकाकांच्या कानाची पाळी कापली गेली होती. असला डाग त्याच्या वस्तऱ्याला कधी लागला नव्हता. "काका, हलता कशाला?" तो खेकसला होता. बस चालवून निवृत्त झालेले काका, गरीब माणूस. "चुकलं बाबा," म्हणत त्यांनी मुकाट तुरटी लावून घेतली होती.

आज काका पुन्हा खुर्चीत बसले होते, गालभर फेस. बायको जेवणाचा डबा घेऊन आली, काम संपेपर्यंत काय करायचं म्हणून तिनं कंट्रोलर उचलला.

"त्याला हात लावू नको, मोडलाय तो," डावऱ्या म्हणाला.

"तुम्ही दाढी बघा. माझी होडी मी बघते."

त्यानं वस्तरा उघडला. समोरच्या आरशात पाठीमागचा टीव्ही दिसत होता. होडी निघाली. लव्हाळ्यातली अरुंद वाट आली, आता घुसणार म्हणून डावऱ्यानं श्वास रोखला. होडी मधोमध, सुतासारखी सरळ निघून गेली.

"अहो, मोडलाय कुठं? बघा तरी, कशी चाललीय!" बायको लहान पोरीसारखी हरखली होती. "तुम्हालाच येत नाही, आणि माझ्या भावाच्या नावानं खडे फोडता!"

डावऱ्यानं मान वळवली नाही. वस्तऱ्याच्या पात्यावरून दिव्याचा एक कवडसा भिंतीवर पडला होता. तो एका जागी राहत नव्हता. हात घट्ट धरला तसा आणखीच नाचायला लागला.

त्यानं वस्तरा मिटला. टॉवेल घेऊन काकांच्या गालावरचा फेस पुसायला लागला.

"अरे, दाढी कुठाय?" काका दचकले. "नुसताच साबण लावून घरी पाठवतोस का?"

"काका, मागच्या खेपेला कान कापला ना..." त्यानं डावा हात उजव्या हातात धरला. "तेव्हा तुम्ही हलला नव्हता."

मागं पाण्याचा आवाज थांबला. बायकोनं दांडी सोडून दिली होती.