वड्या कोणी शिकवल्या

माझा जन्म बडोद्याचा, शाळा बडोद्याची, नोकरीही बडोद्याचीच. पुण्याला आयुष्यात चार-पाच वेळा गेलो असेन, तेही लग्नकार्याला. तरी खाण्याचा विषय निघाला की मी असा बोलायचो, जणू सगळा स्वयंपाक महाराष्ट्रात शिजला आणि वाटेत थोडा गुजरातेत सांडला. श्रीखंड आमचं. यांची वेढमी म्हणजे आमचीच पुरणपोळी. पात्रा म्हणजे अळूवडी. बडोद्याची सेव उसळसुद्धा आमच्या मिसळीची लेक. ऑफिसात लोक मुद्दाम डिवचायचे आणि मी दर वेळी पेटायचो. पुण्याचे नातेवाईक आमच्या आमटीला गुजराती डाळ म्हणून हसायचे. त्याचा राग मी इथे येऊन काढत असणार, हे आता कळतं.

सुरळीच्या वड्यांवर माझा विशेष जीव, कारण त्या आई करायची. म्हणजे आई आणि मासी. मासी आमच्या शेजारच्या गुजराती बाई. प्रतापनगरला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये आमची भिंत एकच होती. त्यांचे यजमान आणि माझे वडील एकाच वर्कशॉपात, सायकलीही जोडीने निघायच्या. पुढे दोन्ही घरांनी ठरवून हरणीला एकाच सोसायटीत समोरासमोर फ्लॅट घेतले.

सुरळीच्या वड्या हे एकटीचं काम नाही. ताकात कालवलेलं बेसन शिजून घट्ट झालं की ते कोणासाठी थांबत नाही. एकीने ढवळत राहायचं आणि दुसरीने गरम पीठ उपड्या ताटांवर वाटीच्या बुडाने भराभर पसरायचं. जरा उशीर झाला की नुसता गोळा. मासी ढवळायच्या, आई पसरायची. पीठ बरोबर झालं की मासी "हवे!", म्हणजे 'आता!', असं ओरडायच्या, आणि मग दोघींना पाच मिनिटं जगाचं भान नसायचं. अर्ध्या सुरळ्यांवर मासींची तिळाची फोडणी, अर्ध्यांवर आईचं खोबरं-कोथिंबीर. आम्ही त्यांना सुरळीच्या वड्या म्हणायचो, मासी खांडवी म्हणायच्या. ताट एकच असायचं.

काही वर्षांपूर्वी सोसायटीच्या स्नेहमेळ्यात घरोघरच्या पदार्थांची टेबलं मांडली होती. दोघींनी मिळून मोठं ताट भरलं. मासींच्या सुनेने त्यासमोर चिठ्ठी लावली, 'खांडवी, गुजरातनी शान'. मी ती वाचली आणि माझं डोकं फिरलं. खिशातलं पेन काढून खाली लिहिलं, 'मूळ: महाराष्ट्र'. सून म्हणाली, "अंकल, आ शुं करो छो?" झालं, माणसं जमली. मी सूत्रसंचालकाच्या हातातला माईक घेतला आणि दहा मिनिटं भाषण ठोकलं. शेवटी, वादात कोंडीत पकडल्याच्या थाटात, खुर्चीवर बसलेल्या मासींकडे वळलो.

"मासी, साचुं कहो. खांडवी तमने कोणे शीखवाडी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग शेजारी बसलेल्या आईकडे पाहिलं. आई पदराशी चाळा करत होती.

"तारी मम्मीए," मासी म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. मी त्या दिवशी दोन वेळा ताट भरून घेतलं.

घरी आल्यावर आई कपडेही न बदलता स्वयंपाकघरात उभी राहिली. म्हणाली, "तिने शिकवल्या मला. नवीन लग्न होऊन आले होते, मला साधा भात जमत नव्हता. कढई घेऊन आली ती आपल्या क्वार्टरमध्ये. आणि तिला कोणी शिकवल्या ते मी कधी विचारलं नाही. कोण विचारतं रे असलं?"

"मग तू तिथे का नाही बोललीस?"

"तुझ्या हातात माईक होता. चार लोकांत तू खोटा पडशील, म्हणून ती बोलली तसं. आणि मी गप्प बसले. आता कोणत्या तोंडाने जाऊ तिच्याकडे?" मग म्हणाली, "तू जा. जसं सगळ्यांसमोर बोललास ना, तसंच सगळ्यांसमोर सांग."

मी म्हणालो, सांगेन, पुढच्या मेळ्यात. खरं तर समोरचं दार होतं, सहा पावलं. पण ज्या जिभेला महाराष्ट्राचा कैवार घेताना थकवा नव्हता, तिला 'चुकलो' म्हणायला मात्र मुहूर्त हवा होता. भित्रा होतो मी, दुसरं काही नाही.

मासी लिफ्टमध्ये भेटायच्या, हसायच्या, माझ्या गुडघ्याची चौकशी करायच्या. फक्त आमच्या स्वयंपाकघरात यायच्या बंद झाल्या. आई कधी रविवारी ताक आंबट करून ठेवायची. "बेन आली तर करू," म्हणायची. संध्याकाळी त्याची कढी व्हायची. एकदा मी म्हटलं, मी ढवळतो. ढवळलंही. "हवे" केव्हा म्हणायचं ते मला कळलं नाही आणि कढईत गोळा झाला. आईने तो चमच्याने खाल्ला.

पुढच्या मेळ्याला आई दवाखान्यात होती. त्यानंतरच्या मेळ्याला ती नव्हती, आणि मी गेलोच नाही.

मागच्या महिन्यात अखेर ती सहा पावलं चाललो. सुनेने दार उघडलं. तिचा माझ्यावरचा राग केव्हाच निवळला होता, मीच तो जपून ठेवला होता. म्हणाली, बा आता पुष्कळ विसरतात, पण बसा. मासी पलंगावर बसून होत्या. मला ओळखलं, डोक्यावरून हात फिरवला. मी सुनेच्या देखत सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी मी चुकलो, खांडवी आईला तुम्ही शिकवली होती, आईने मला तेव्हाच सांगितलं होतं, आणि माफी मागायला मी इतका उशीर केला.

मासींनी मान हलवली. "ना बेटा. ए तो तारी मम्मीनी वस्तु. एणे ज मने शीखवाडी."

"नाही, मासी," मी मराठीतच म्हणालो.

सून हळूच म्हणाली, "बधाने ए ज कहे छे."

म्हणजे त्या सगळ्यांना हेच सांगतात. मला वाचवण्यासाठी एकदा म्हटलेलं खोटं आता त्यांचं खरं झालं होतं. मी परत परत सांगितलं, त्यांचा हात धरून सांगितलं. त्या लहान मुलाची समजूत काढावी तशा हसत राहिल्या. निघालो तेव्हा त्यांनी मला दारातून हाक मारली.

"तारी मम्मीने कहेजे, छाश खाटी राखे. काले आवीश हुं."

आईला सांग, ताक आंबट करून ठेव, उद्या येते. आयुष्यभर मी शब्दाला शब्द वाढवला. त्या दिवशी फक्त 'हो, सांगतो' म्हणालो.