दस्त्यावरची काळी जागा

मंगळवारी बंदूकवाले काका गेले. शुक्रवारी पोलीस येऊन त्यांचं बंदुकांचं कपाट रिकामं करून गेले.

कॉव्हेंट्रीतल्या आम्हा मराठी मंडळींत ते याच नावानं ओळखले जात. हाडांचे निवृत्त डॉक्टर. आयुष्यात चिमणीसुद्धा मारली नाही, पण जुन्या अमेरिकन दुनळी बंदुका दुरुस्त करत. इंग्लिश का नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "त्यांचे लाड करणारे पुष्कळ आहेत. या शेतावर राबलेल्या. यांना कोण तपासतो?"

मी लायब्ररीत नोकरी करायचे आणि शनिवारी त्यांच्या गॅरेजमध्ये जाऊन बसायचे. प्रत्येक स्क्रूसाठी ते स्क्रूड्रायव्हरचं टोक वेगळं घासून घेत. नळ्यांना काळा रंग यावा म्हणून आधी गंज चढवायचा, मग उकळायचं, घासायचं, की पुन्हा गंज. आठवडा जाई. झटपट रसायनात बुडवलं तर दोन नळ्या जोडणारा डाख सुटतो, म्हणत. लाकडी दस्त्यावरचे पोचे ओल्या फडक्यावर इस्त्री ठेवून, वाफेनं वर आणत. मग आतून काकूंची हाक येई, "अहो, माझी इस्त्री! देवळात चुरगळलेली साडी नेसून जाऊ का?"

शेजारच्या मार्गारेटबाईंकडे परवाना नव्हता, म्हणून दिवंगत नवऱ्याची बंदूक त्यांनी काकांना देऊन टाकली होती. त्याच्या हाताच्या घामानं दस्ता एका जागी काळा पडला होता. त्या जागेवर अंगठा ठेवायला त्या अधूनमधून येत.

हे मला माहीत नव्हतं. एका शनिवारी काका इस्त्री द्यायला आत गेले असताना मी मदत म्हणून त्या काळ्या जागेवर सँडपेपर फिरवला. लाकूड गोरं निघालं.

काकांनी परत येऊन दस्ता हातात घेतला. मग म्हणाले, "घाण नव्हती ती, बाळ. माणूस होता."

बाई आल्या तेव्हा मी तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले, "सॉरी मार्गारेट, माझ्याकडून घाई झाली." बाई मान हलवून गेल्या. पुन्हा बंदूक बघायला आल्या नाहीत. मी चार वर्षं गप्प राहिले.

काकांच्या अंत्यविधीनंतर बाहेर, पार्किंगमध्ये, मी मार्गारेटबाईंना खरं सांगितलं.

"आय नो, डिअर," त्या म्हणाल्या. "त्यांना घाई करताना मी कधी पाहिलंच नव्हतं."

बंदुका पोलिसांकडून परवाना असलेल्या दुकानदाराकडे गेल्या. इस्त्री काकूंकडे आहे.