पाटीवरचा चेहरा

दादांचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावरून फिरला होता, तेवढ्यात एक बाई वडिलांना धरून सलूनमध्ये शिरली आणि म्हणाली, "डॉक्टर, सापडलात एकदाचे!"

दादा हसले. उभा जन्म केस कापण्यात गेला, दवाखाना समोरच्या गल्लीत आहे, असं त्यांनी सांगितलं. बाईला ते पटेना. ती शाळेतली शिक्षिका होती; रिक्षातून जाताना बाहेरच्या पाटीवर दादांचा फोटो दिसला, म्हणून उतरली होती. तिने मोबाइलवरचं जाहिरातीचं पान पुढे धरलं.

दादांनी वस्तरा ठेवून मोबाइल हातात घेतला. तीच पिकली दाढी, नाकाशेजारचा तोच तीळ. मुलीने दुकानाच्या जाहिरातीसाठी काढलेला फोटो कुणीतरी उचलला होता आणि पांढऱ्या एप्रनवर स्टेथोस्कोप चिकटवला होता. खाली मजकूर होता: मधुमेह मुळापासून घालवणारे डॉक्टर, इन्सुलिनला रामराम ठोका.

"तुमचा चेहरा बघूनच विश्वास बसला हो," बाई म्हणाली.

तिने वडिलांचं इन्सुलिन बंद करून या जाहिरातीतली पावडर सुरू केली होती. आता त्यांना सारखी तहान लागत होती, उलट्या होत होत्या आणि पावडरवाल्यांचा फोन काही लागत नव्हता.

म्हातारबाबा बसल्या जागी पेंगत होते, श्वास जोरजोरात चालला होता. शेवटी गिऱ्हाइकच साबणाच्या तोंडाने उठलं आणि म्हणालं, दाढी राहू द्या, आधी यांना हलवा. तिघांनी मिळून त्यांना रिक्षात घातलं आणि थेट रुग्णालय गाठलं.

बाहेरच्या बाकावर दादा पुन्हा पुन्हा तेच मनाशी घोकत होते. आपण कुणाचं काही वाईट केलं नाही, आणि आपलाच चेहरा लावून कुणी माणसं मारायला निघालं होतं!

साखर भलतीच वाढली होती. बाबा थोडक्यात वाचले. तिथल्या डॉक्टरीणबाई शिक्षिकेवर रागावल्या नाहीत. "नेटवर वाचा की," त्या म्हणाल्या. "पण लिहिलंय कोणी, त्या डॉक्टरचं नाव वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीत आहे का, आणि तोच काही विकतोय का, एवढं बघा. चालू औषध मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचं नाही."

दादांनी पोलिसांत तक्रार केली. मुलीने खटपट करून ते पान बंद पाडलं. बाबा घरी गेले. इडापिडा टळली, असं दादांना वाटलं.

मग एके दुपारी गावाहून वहिनींचा फोन आला. त्यांनी एक व्हिडिओ पाठवला होता. डॉक्टरचं नाव वेगळं, दुखणं रक्तदाबाचं, चेहरा तोच.

"भावजी, हे डॉक्टर अगदी तुमच्यासारखे दिसतात. घरचंच माणूस सांगतंय असं वाटलं बघा."

दादांनी घाईघाईने विचारलं, "वहिनी, रक्तदाबाची गोळी चालू आहे ना?"

"ती तर परवाच बंद केली की," वहिनी म्हणाल्या.

तुमच्या डॉक्टरांकडे आत्ताच्या आत्ता जा, मीही येतोच, एवढं सांगून दादांनी भरदुपारी शटर ओढलं आणि बसस्टँडची वाट धरली.