सुटलेलं जोडपान

वाघोलीच्या पुढे एका वॉल्डॉर्फ शाळेत मी नववीला अर्थशास्त्र शिकवत होते. तिथे पाठ्यपुस्तक नसतं. मुलं कागद मधोमध दुमडून आपली वही स्वतः शिवतात आणि शिकलेलं तीत लिहितात, रंगवतात. मी अभ्यास दिला होता एवढाच: शाळेतली एक वस्तू निवडा आणि ती कुणाकुणाच्या हातांतून आपल्यापर्यंत आली ते शोधा.

कुणी लोकर घेतली, कुणी मेणाचे खडू. एका मुलीने घेतली स्वच्छ फरशी. ती चार दिवस सफाईच्या मावशींच्या मागे फिरली. मावशी हडपसरहून दोन बस बदलून येतात, आणि शाळेच्या मेळ्याच्या रविवारी त्यांना ‘सेवा’ म्हणून फुकट राबावं लागतं, हे तिने मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. ज्या सामाजिक जबाबदारीसाठी मी वर्षभर घसा कोरडा केला होता, ती या एकटीला कळली होती.

मेळ्यात वह्या मांडायच्या होत्या. आदल्या दिवशी पालक समितीच्या बाई आल्या. अंगावर हातमागाची साडी, सेंद्रिय गुळावर तासभर बोलतील. वही चाळून म्हणाल्या, “ताई, ब्यूटिफुल आहे हो. पण उद्या नवीन पेरेंट्स येणार, इतकं निगेटिव्ह कशाला? दिवाळीला देतोच की आपण मावशींना साडी.”

मला शिसारी आली. पण माझी नोकरी पुढे चालू ठेवायची की नाही, हे हीच समिती ठरवणार होती. “बघते,” म्हणाले, आणि त्या गेल्यावर ब्लेडने मावशींच्या ‘सेवे’चं पान शिवणीलगत कापून टाकलं. बाईंबद्दलची शिसारी तासाभरात ओसरली. माझी मला अजून येते.

रविवारी ती मुलगी मावशींना हात धरून वहीपाशी घेऊन आली. त्यांच्याबद्दलचं पान दाखवायचं तिने कबूल केलं होतं. तिने वही उचलताच मधून एक पान सुटून नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पडलं. त्यावर तिने मावशींचे हात रंगवले होते.

तिने कापलेली कड पाहिली, मग माझ्याकडे.

“एक पान कापलं की त्याचं जोडपान सुटतं,” ती म्हणाली. “शिवताना तुम्हीच सांगितलं होतं, ताई.”

मावशींनी वाकून पान उचललं, पदराने टिपलं आणि माझ्या हातात दिलं.

“माझंच चुकलं, ताई. फरशी ओली ठेवली मी.”