स्टेडियमचे नवे दार आणि लाल माती

मित्रहो, आज सकाळी आमच्या फुटबॉल स्टेडियमच्या नूतनीकरणाची पाहणी होती. नागरिक समितीतर्फे आराखडा मीच तपासला होता. गॅलरी, ट्रॅक, नवे प्रवेशद्वार. प्रत्येक माप बरोबर निघाले.

तेवढ्यात माधवनगरचे तात्या आले. फुटबॉलचा हंगाम संपला की येथे गोलपोस्टमागे लाल माती पसरून कुस्त्या होतात. ती माती आणण्याचे काम पूर्वीपासून तात्यांकडे आहे. नव्या दाराकडे पाहून ते मला म्हणाले, "आवं सायेब, यातनं ट्रॅक्टरची ट्रॉली कशी जायाची? का पैलवान फरशीवर लढवायचं?"

अभियंते म्हणाले, "आराखड्यात ट्रॉलीचा उल्लेख नाही."

"उल्लेख नसंल, पर कुस्त्या हायत की!"

कुस्त्या महिन्यावर आल्या आहेत. दार फोडून रुंद करावे लागेल. चूक अभियंत्यांची नाही. आराखड्यावर सही माझी आहे. फेरबदलाचा अर्ज मी दुपारीच दिला.

मागच्या बाजूचे जुने लहान दार मात्र अजून नव्याने बांधायचे आहे. तेथून आजवर काय काय आत जाताना आपण पाहिले आहे? परवाच्या बैठकीपूर्वी कृपया कळवा. या वेळी सही करण्याआधी विचारतो आहे.